ट्रायम्फ स्टॅग: रेडिएटर नवा, पंप नवा, तरी गाडी तापतेच, तेव्हा

ट्रायम्फ स्टॅग या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीबद्दलची तक्रार जवळपास नेहमी अशीच येते. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरेख पळते, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. गावात शिरून दोन सिग्नल लागले की काटा वर सरकू लागतो. घरी येऊन इंजिन बंद केलं की बॉनेटखाली गुडगुड सुरू होते आणि गाडीखाली कूलंटचं थारोळं जमतं. मालक रेडिएटर बदलतो. काही आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप), मग वॉटर पंप, मग पुढे एक विजेचा जादा पंखा. खर्च वाढत जातो आणि काटा पुन्हा तिथेच चढतो. शेवटी गाडीवर ताडपत्री पडते, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती ‘थोडंच काम बाकी’ अशा जाहिरातीने विकायला निघते.

पडीक स्टॅग विकत घेणाऱ्याच्या दारात बहुधा हीच गाडी येते. म्हणजे नव्या मालकाला जुन्या मालकाचा आजार मिळतो आणि त्यावर झालेले अर्धवट उपचारही मिळतात. इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मराठी मित्रांशी बोलताना हा विषय इतक्यांदा निघतो, की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. माझं मत आधीच सांगतो: स्टॅगचं इंजिन बरं होतं. अगदी जुलैच्या उन्हात, लंडनच्या गर्दीत तासभर अडकलं तरी काटा हलणार नाही इतकं बरं होतं. पण एकेक भाग बदलत गेल्याने ते होत नाही. पाण्याची संपूर्ण वाट एकदा शोधावी लागते.

गाडीची थोडी ओळख

स्टॅग जून १९७० मध्ये बाजारात आली आणि १९७७ पर्यंत बनत राहिली. कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून २६ हजारांच्या आत गाड्या बाहेर पडल्या. चौघांना बसायला जागा, उघडं टप, वर इंग्रजी टी अक्षरासारखी पोलादी कमान, आणि २९९७ सीसीचं, १४५ अश्वशक्तीचं व्ही-८ (व्ही आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं) इंजिन. दूरच्या प्रवासाला निघावं अशीच ही गाडी. तिचं रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचं. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला जुळवली जाणारी स्टँडर्ड हेराल्ड जुन्या मंडळींना आठवत असेल, तिचा आराखडाही त्यांचाच. त्या नात्याने स्टॅग आपल्याला अगदी परकी नाही.

इंजिन मात्र ट्रायम्फचं स्वतःचं. त्याच घराण्यातलं तिरकं चार सिलिंडरचं इंजिन साबच्या ९९ ला सुरुवातीला ट्रायम्फनेच पुरवलं होतं. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली तेव्हा रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ त्याच छपराखाली आलं होतं, तरी ट्रायम्फने आपलंच इंजिन पुढे नेलं. या निर्णयावर आजही लोक हळहळतात. मला त्यात फार रस नाही. मूळ इंजिनाचा आवाज एकदा ऐकला की ते का टिकवायचं हे कळतं.

पंप उंचावर आहे, हे आधी लक्षात घ्या

बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनाच्या पुढ्यात असतो आणि बेल्टवर फिरतो. स्टॅगमध्ये तो दोन हेडच्या, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांवरच्या झाकणांच्या, मधल्या खोबणीत, वरच्या अंगाला बसवलाय. त्याला फिरवतो तो इंजिनाच्या पोटातला जॅकशाफ्ट (एक मदतनीस दांडा), गिअरच्या मदतीने. बहुतेक कटकटींचं मूळ या उंचीत आहे.

पाणी थोडं कमी झालं की सगळ्यात आधी कोरडा पडतो तो पंप. पंप कोरडा पडला की प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावला की हेडभोवतीच्या पाण्याची वाफ होते. ती वाफ उरलंसुरलं पाणी कूलंटच्या जादा बाटलीतून बाहेर ढकलते. इंजिन निवल्यावर पातळी आणखी खाली गेलेली असते, आणि पुढच्या फेरीला पंप आणखी लवकर कोरडा पडतो. म्हणजे कारण कुठलंही असो, नळीची बारीक गळती, बाटलीचं सैल झाकण, आत राहिलेली हवा, शेवट एकाच ठिकाणी होतो. म्हणूनच पंप बदलून आजार जात नाही. पंपाचा जीव पाण्याच्या कमतरतेने जातो.

आणखी एक. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हुश्श करू नका. तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती पाणीच उरलं नसेल तर काटा पडतो. अशा वेळी गाडी लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. अॅल्युमिनियमची हेड वाकायला फार वेळ लागत नाही.

काटा खरं बोलतो का?

खिसा मोकळा करण्याआधी ही तपासणी करा. स्टॅगचे पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो बॅटरीचा चढउतार काढून साधारण १० व्होल्ट देतो. तो बिघडला किंवा त्याचं अर्थिंग सुटलं, की पूर्ण व्होल्टेज पुढे जातं आणि दोन्ही काटे वर दाखवतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा पाऊण दाखवत असेल तर संशय इंजिनाआधी स्टॅबिलायझरवर घ्या. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या नळीच्या तोंडाशी आणि दोन्ही हेडच्या मागच्या टोकांवर धरून आकडे लिहून ठेवा. पुढच्या कामातही हे आकडे लागतील.

कधी तापते, यावरून कारण कळतं

गाडी फक्त उभी असताना तापत असेल, तर हवेकडे पाहा. स्टॅगचा पंखा क्रँकच्या टोकावर आहे आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग (घट्ट तेलावर चालणारा जोड) आहे. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवायला हवा. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. रेडिएटरच्या कडेचे फोमचे पट्टे पन्नास वर्षांत गळून गेलेले असतात. मग हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बगलेतून निघून जाते. हे काम स्वस्त आहे आणि फरक मोठा पडतो. इग्निशनचं टायमिंग लेट असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी इंजिन उभ्या जागी तापतं. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकलेली असतात, तीही बघा. दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटरांपैकी एकाचा डायफ्राम फाटला असेल किंवा मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून हेडकडे जाणारी नळ्यांची जोडणी) बाहेरची हवा ओढत असेल, तर हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं आणि उष्णता वाढते.

मोटरवेवर, वेगात तापत असेल तर हवेचा प्रश्न नाही, पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या आहेत, किंवा ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) गाळ आहे, किंवा पंपाच्या आतला पंखा आणि पंपाचं झाकण यांच्यातली फट जास्त आहे. ही फट गॅस्केटची जाडी निवडून साधायची असते. घाईत पंप बदलणारे नेमकी हीच पायरी गाळतात. खालची रबरी नळी जुनी, मऊ असेल तर जास्त आरपीएमला ती आतल्या ओढीने चपटी होते. उभ्या गाडीत ती धडधाकट दिसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी कडक होत असेल, तर ते हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्याचं लक्षण. पाणी तापायच्या आत दाब आला, म्हणजे तो सिलिंडरमधल्या वायूचा. इथे अंदाज लावत बसू नका. निळ्या द्रवाचं ब्लॉक टेस्टर मिळतं. बाटलीच्या तोंडाशी धरून चालत्या इंजिनातली हवा त्यातून ओढायची. जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा होतो. सोबत दाबाची चाचणी करा: हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दाब पडलेला असेल तर बाहेर कुठे ओल आहे ते शोधा. बाहेर सगळं कोरडं असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी उतरलंय का ते पाहा. पंपाचं सील गेलं तर पाणी बाहेर दिसावं म्हणून ब्लॉकला बारीक छिद्र ठेवलंय. ते मळीने बुजलं की पाणी बाहेर येत नाही आणि ऑइलच्या वाटेला लागतं. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर इंजिन सुरूच करू नका.

आणि गाडी चालताना ठीक, बंद केल्यावरच उकळत असेल, तर आधी बाटलीचं दाबाचं झाकण बदलून पाहा. १३ पाउंडाच्या दाबाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग थकली की तो आधार जातो आणि शंभरच्या आसपास उकळी फुटते. मात्र हातात येईल ते झाकण लावू नका. तुमच्या गाडीच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये जो दाब दिलाय, त्याच दाबाचं घ्या.

ब्लॉकमधला गाळ

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टॅगचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे गंज चढायला सगळी सोय. गंजरोधक असलेलं कूलंट वेळेवर बदललं तर हे आटोक्यात राहतं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात कित्येक मालक नळाचं पाणी ओतत राहिले. त्याहीआधी, कारखान्यातच काही ब्लॉकांमधली ओतकामाची वाळू नीट निघाली नव्हती. ती वाळू, बिडाचा गंज आणि अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी मिळून जो गाळ होतो तो ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरांभोवती बसतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जसा थर चढतो, तसाच, पण बोटभर जाड. मागची सिलिंडरं त्यात रुतलेली असतात. पुढचा सेन्सर सगळं ठीक सांगतो आणि मागे हेड वाकत असतं.

लेस्टरजवळच्या एका स्नेह्यांनी घेतलेल्या गाडीत हेच निघालं. आधीच्या गॅरेजने नवा रेडिएटर आणि नवा पंप बसवून भलंमोठं बिल लावलं होतं. आम्ही ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढले, तर एकातूनही थेंब आला नाही. जाड तार आत घालून ढोसल्यावर आधी तपकिरी चिखल, मग लोखंडाच्या खपल्या आणि त्यानंतर पाणी. रेडिएटरमधून पाणी काढून पुन्हा भरणाऱ्या माणसाला हा चिखल कधीच दिसत नाही, कारण ब्लॉकचे प्लग काढण्याचे कष्ट तो घेत नाही.

तुमच्या ब्लॉकची अवस्था जाणून घ्यायची एक सोपी युक्ती आहे. पूर्ण यंत्रणेत साधारण दहा लिटर पाणी मावतं. सगळं काढून मोजा. सहा-सातच लिटर निघालं आणि तेवढंच परत मावलं, तर उरलेल्या जागेत गाळ आहे किंवा हवा अडकलीय.

गाळ काढताना थर्मोस्टॅट काढून ठेवा, रेडिएटर सोडवा, दोन्ही ड्रेन प्लग उघडा. बागेच्या नळीने पाण्याच्या नेहमीच्या वाटेच्या उलट्या दिशेने धार सोडा. मध्ये मध्ये तार फिरवा. पाणी नितळ येईपर्यंत थांबू नका, आणि नितळ आलं तरी तारेने पुन्हा ढोसून पाहा, बहुधा पुन्हा गढूळ येईल. सायट्रिक अॅसिडचं सौम्य द्रावण गंजावर चांगलं काम करतं, पण अॅल्युमिनियमही खातं, म्हणून ते फार वेळ आत ठेवू नका आणि नंतर भरपूर धुवा. गाडी वीस-तीस वर्षं उभी असेल तर मात्र हे सगळं वरवरचं ठरतं. तेव्हा इंजिन बाहेर काढून ब्लॉकचे कोअर प्लग (ओतकामाची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढणं हाच खरा उपाय. कोअर प्लग तसेही आतून कुरतडलेले असतात. इंजिन गाडीत असताना मागचा एखादा फुटला तर बदलायला पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

जुना रेडिएटर फेकू नका. चांगल्या कारागिराकडून त्यात नवा कोअर (नळ्यांची आतली जाळी) भरून घ्या. बाजारातल्या काही स्वस्त नव्या रेडिएटरांपेक्षा तो चांगला बसतो.

हेड काढायची वेळ आली तर

ब्लॉक टेस्टर पिवळा झाला, म्हणजे आता हेड काढण्याला पर्याय नाही. आणि स्टॅगची हेड सहजी निघत नाहीत. प्रत्येक हेड दहा ठिकाणी धरलेलं आहे: पाच बोल्ट आणि पाच स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले, वर नट लावायचे दांडे). स्टड बोल्टांच्या रेषेत नसून तिरपे आहेत. पोलादी स्टड आणि अॅल्युमिनियमचं हेड यांच्यातली फट पांढऱ्या गंजाने भरून गेली की दोन्ही एकजीव होतात. तिरप्या स्टडांमुळे हेड सरळ वर उचलताही येत नाही, म्हणून आधी स्टड निघालेच पाहिजेत.

इथे ताकदीपेक्षा वेळ उपयोगी पडतो. स्टडांभोवती पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि काही दिवस रोज थोडं थोडं सोडत राहा. स्टडच्या टोकावर हलक्या हाताने हातोडी मारा, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरेल. गरम करा, निवू द्या, पुन्हा तेल. मग स्टड काढायचं हत्यार लावा. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये छिन्नी किंवा पहार घालून उचकटायचा मोह आवरा. तिथे एक ओरखडा पडला की नवी गॅस्केट तिथूनच गळते.

निघालेलं हेड मशीन शॉपला नेताना ‘फेसिंग करून द्या’ (खालची बाजू घासून सपाट करा) एवढंच सांगून परतू नका. कॅमशाफ्ट थेट हेडच्या अॅल्युमिनियममध्येच फिरतो. हेड खालून वाकलं असेल तर वरच्या बेअरिंगांची रेषाही वाकलेली असते. खालची बाजू सपाट केली तरी वरची तशीच राहते आणि कॅम आवळतो. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले भाग) काढून, कॅम बसवून, कॅप मॅन्युअलप्रमाणे कसून तो हाताने सहज फिरतो का ते पाहा. अडला तर हेड आधी सरळ करावं लागेल. शिवाय व्ही-८ चं हेड जितकं घासाल तितकं ते खाली आणि आत सरकतं, मग इनलेट मॅनिफोल्डची तोंडं जुळत नाहीत आणि तिथून पाणी गळतं. याआधी किती घासलंय हे मोजूनच ठरवा. फार घासलेलं हेड पुन्हा घासण्यापेक्षा दुसरं चांगलं शोधणं परवडतं.

हेड निघालीच आहेत तर टायमिंग चेन बदलाच. दोन लांब, एकपदरी चेन आहेत. काही गाड्यांत त्या २५ हजार मैलांच्या आतच सैल पडून तुटल्या आहेत. चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि तुमचं नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागतं. नवे स्टड बसवताना त्यांना अँटी-सीझ (गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावा. पुढे कधी हेड काढायची वेळ आली तर हाल होणार नाहीत.

अजून गाडी घेतली नसेल तर

वर लिहिलेलं सगळं वाचून घाबरू नका. माझा सल्ला जरा उलटा वाटेल: तापणाऱ्या इंजिनाची स्टॅग घ्यायला हरकत नाही, पण सडलेल्या पत्र्याची घेऊ नका. इंजिनाच्या कामाला सीमा आहे. वर सांगितलेली कामं केली की ते संपतं. पत्र्याचं काम उघडावं तितकं वाढत जातं. या गाडीला वेगळी चासी नाही, म्हणून दारांखालचे सिल, मजल्याच्या पुढच्या कडा, आतल्या मडगार्डचे जोड आणि मागच्या सस्पेन्शनच्या आर्मच्या बैठका यांवरच गाडीची ताकद अवलंबून आहे. नंतरच्या गाड्यांच्या सिलवर चकचकीत पट्टी असते. ती पट्टी काढून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून सिलवर फिरवा; जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. दार उघडून थोडं वर उचला. बिजागरी ठीक असूनही दाराची फट वर-खाली वेगळी दिसत असेल तर गाडी मधून बसलीय.

इंजिन पाहताना एक अट घाला: तुम्ही पोचाल तेव्हा ते थंड असायला हवं. हात लावून खात्री करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नका, कारण चेनचा खडखडाट, निळा-पांढरा धूर आणि गॅस्केटचा दाब ही तिन्ही लक्षणं थंड इंजिनावरच उघडी पडतात. सुरू केल्यावर ऑइलचा दाब येईपर्यंत क्षणभर चेन वाजली तर चालेल, वाजतच राहिली तर किमतीतून वजा करा. कूलंटचा रंग बघा. तपकिरी असेल तर आतली कथा कळली. बाकी सगळं जुनं आणि रेडिएटर तेवढा नवाकोरा दिसला, तर तोही तापण्याच्या इतिहासाचा पुरावा समजा आणि तसं विचारा.

अनेक वर्षं उभी असलेली गाडी ‘एकदा सुरू करून बघू’ म्हणून सेल मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवसांनी क्रँक पान्याने, चालायच्या दिशेनेच, हळू फिरवा. मोकळा फिरला की आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. शेजारशेजारची दोन कमी असतील तर मधली गॅस्केट उडालीय.

काही स्टॅगमध्ये रोव्हरचं व्ही-८ किंवा फोर्डचं व्ही-६ बसवलेलं सापडतं. त्या काळी वैतागलेल्या मालकांनी केलेला तो व्यवहारी उपाय होता. अशी गाडी वाईट नसते, पण पुढे विकताना मूळ इंजिनाच्या गाडीइतकी किंमत येत नाही, आणि हे सगळं वाचूनही तुम्हाला स्टॅगच हवी असेल तर तुम्हाला मूळ इंजिनच हवं असणार.

कागदपत्रांचं थोडक्यात: ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. म्हणून ‘एमओटीची गरजच नाही’ हे वाक्य विक्रेते अभिमानाने सांगतात. तरी स्वतःहून करून घ्या, नवख्या मालकाला ती स्वस्तातली तपासणी आहे. गाडीचा नंबर टाकून जुन्या एमओटींचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यात सिलच्या गंजाचे शेरे असतील तर ते ताज्या रंगापेक्षा खरे समजा.

पुन्हा पाणी भरताना

इतकं करूनही गाडी तापण्याचं एक कारण उरतं: आत अडकलेली हवा. गाडीचं नाक जॅकवर उंच घ्या आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्याची वाटही उघडी राहील. वरचे, हवा काढायचे प्लग उघडे ठेवून अगदी सावकाश भरा, नळ्या हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले की प्लग लावा. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडू द्या, पूर्ण निवू द्या, पुन्हा भरा. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने हात भाजतो.

कूलंट जुन्या पद्धतीचं, निळं, इथिलीन ग्लायकॉलचं घ्या आणि पाण्यात निम्म्या प्रमाणात मिसळा. आधुनिक गाड्यांसाठीचं केशरी-गुलाबी कूलंट या इंजिनासाठी नाही. जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांना आवडतं आणि त्यांचा जीव घेतं.

पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीतली पातळी पाहा आणि खूण करा. हवा बाहेर पडत असेल तोवर ती थोडी खाली जाईल, तेव्हा भरत राहा. मग स्थिर व्हायला हवी. स्थिर झाली की छोट्या फेऱ्या, मग गर्दीचा रस्ता, मग मोटरवे, आणि प्रत्येक वेळी तेच इन्फ्रारेडचे आकडे पुन्हा घेऊन आधीच्यांशी ताडून बघा. दोन्ही हेडच्या मागच्या टोकांत लक्षणीय फरक राहिला तर ज्या बाजूचा आकडा जास्त, त्या बाजूचा ड्रेन प्लग पुन्हा उघडा; तिथे अजून गाळ आहे. पातळी आठवड्यानेही घसरतच असेल आणि बाहेर ओल नसेल, तर ब्लॉक टेस्टर पुन्हा लावा. सगळं जमलं तर पातळी घसरल्यावर दिवा लावणारा सेन्सर बसवून घ्या. या इंजिनात तापमानाच्या काट्याआधी पातळीच बोलते. बॉनेटच्या आतल्या बाजूला आजची तारीख लिहा आणि दोन वर्षांनी, पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी, ब्लॉकचे दोन्ही प्लग काढून कूलंट बदला.